व्हॅनमधले पुरुमेंत: गोव्याच्या किनाऱ्याने जाताना काय भरावे, काय रांधावे

तेरेखोलपासून पोळ्यापर्यंत गोव्याचा किनारा साधारण १०५ किलोमीटरचा. न थांबता निघालात तर अर्ध्या दिवसात संपेल. कॅम्पर व्हॅन घेऊन येणारे तो आठवडाभर पुरवून पाहतात, आणि त्यांचे जेवण बिघडते ते बहुतेक वेळा घरून निघतानाच. पुण्या-कोल्हापुराहून निघताना फ्रिज गच्च भरतात: मॅरिनेट केलेले चिकन, पनीर, मळलेली कणीक, चिरलेल्या भाज्या. बांद्याच्या पुढे उकाडा वाढला की छोटा फ्रिज धापा टाकू लागतो, दुसऱ्या दिवशी चिकन आंबते, आणि बाहेर रस्त्याकडेला पाटीत चकचकीत बांगडे असताना तुम्ही आतले खराब होणारे संपवत बसता.

गोव्यातल्या घरांनी हा प्रश्न फार पूर्वी सोडवला आहे. पावसाळ्यात होड्या बंद, बाजार रोडावलेला, म्हणून मे महिन्यात घरोघर ‘पुरुमेंत’ भरतात: सुके मासे, मिरची, सोलां (आमसुले), मीठ, कांद्याच्या माळा, डाळी. वाळलेले, खारट किंवा आंबट, म्हणजे थंडाव्याशिवाय टिकणारे. मडगावात होली स्पिरिट चर्चच्या फेस्ताच्या सुमारास पुरुमेंताचा मोठा बाजारच भरतो. व्हॅनची गत तीच आहे. जागा थोडी, वीज थोडी, पुढचा बाजार कधी लागेल ते नक्की नाही. म्हणून फळीवर पुरुमेंत ठेवावे आणि ताजे म्हणाल तर एका जेवणापुरते, त्या त्या दिवशी घ्यावे. फ्रिज हा आधार म्हणून असू दे, त्याच्यावर स्वयंपाक उभा करू नका.

फळीवर काय ठेवायचे

दोन माणसांच्या सात दिवसांसाठी एवढे पुरते: उकडे तांदूळ दीड किलो, अळसांदे (गोव्याची मोठी चवळी) अर्धा किलो, मूग पाव किलो, कांदे दोन किलो, लसूण पाव किलो, चार असोले नारळ, सोलां दोनशे ग्रॅम, कोकमाच्या आगळाची छोटी बाटली, बेडगी मिरची शंभर ग्रॅम, तिरफळे पंचवीस ग्रॅम, माडाचा काळा गूळ पाव किलो, नारळाचे व्हिनेगर एक बाटली, खोबरेल तेल अर्धा लिटर, सुके गालमे (बारीक सुंगटे, म्हणजे कोळंबी) शंभर ग्रॅम, पाच-सहा सुके बांगडे. चहा, साखर, हळद, धणे, जिरे, मीठ तुमच्या सवयीप्रमाणे.

यातले जवळजवळ सगळे म्हापशाच्या बाजारात एका फेरीत मिळते. शुक्रवार हा तिथला मोठा दिवस. गुरुवारी संध्याकाळी पत्रादेवीची सीमा ओलांडली तर शुक्रवारी सकाळी साडेसातला बाजारात पोचता येते. नऊनंतर मोठ्या गाडीला जागा मिळणे मुश्कील, तेव्हा गाडी बाजारपेठेबाहेर ठेवून पिशव्या घेऊन चालत जा. मिरच्यांपैकी हरमलची आणि काणकोणकडची खोल्याची मिरची, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. खोल्याची रंगाला फार सुरेख.

खोबरेल तेल बरणीत घ्या, अरुंद तोंडाच्या बाटलीत नको. चोवीस अंशांच्या खाली ते गोठते आणि डिसेंबरातल्या पहाटे बाटलीतून थेंब निघत नाही. नारळ नेहमी अख्खे ठेवा. खवलेले खोबरे उकाड्यात चार-पाच तासांत आंबूस होते, फ्रिजमध्ये दोन दिवस जाते. आगळात मीठ आधीच असते, त्यामुळे ते घातलेल्या कढीत मीठ शेवटी, चव घेऊनच.

समुद्राकाठची हवा ओली आणि खारी. काडेपेट्या सादळतात, पापड वाकतात, मिठाचे ढेकूळ होते, लोखंडी तव्यावर रात्रीत गंज धरतो. मिठात चमचाभर तांदूळ टाका, लायटर दोन ठेवा, तवा धुतल्यावर गॅसवर कोरडा करून तेलाचे बोट फिरवा. गालम्यांचा वास सगळ्या गाडीत भरतो. रबरी कड असलेल्या बरणीत घालून ती बरणी दुसऱ्या डब्यात ठेवली तरच तो आटोक्यात राहतो. हा डबा गादीखाली कधीही नको.

एक गोष्ट मात्र घरूनच करून आणा: रेशाद मसाला. वीस बेडगी मिरच्या (बिया काढून), दहा मिरे, सहा लवंगा, बोटभर दालचिनी, चमचाभर जिरे, बारा लसूण पाकळ्या, इंचभर आले, लिंबाएवढी चिंच, चमचाभर साखर, दोन चमचे मीठ. हे सगळे अर्धी वाटी नारळाच्या व्हिनेगरमध्ये दोन तास भिजवून त्यातच बारीक वाटा. पाण्याचा थेंबही घालू नका. मसाला बिघडतो तो पाण्यामुळे. मिक्सरचे भांडे ओले राहिले तरी चौथ्या दिवशी वर पांढरी बुरशी येते. कोरड्या चमच्याने काढलात तर फ्रिजबाहेर दोन-तीन आठवडे उत्तम राहतो. हा एक डबा जवळ असला की बांगडा, सुंगटे, बटाटा, वांगे, काहीही दहा मिनिटांत जेवण होते.

गॅस आणि वीज

पाच किलोचा छोटा सिलिंडर व्हॅनला योग्य. ओळखपत्र दाखवून तो गॅस एजन्सीत आणि बऱ्याच पेट्रोल पंपांवरही मिळतो. रेग्युलेटर त्याच वेळी बसवून बघा, घरचा मोठ्या सिलिंडरचा त्यावर बसेलच असे नाही. दोघांचा चहा, नाश्ता आणि दोन वेळचे जेवण धरून दिवसाला दोनशे ते अडीचशे ग्रॅम गॅस जातो, म्हणजे एक सिलिंडर सुमारे वीस दिवस.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की खाली साचतो, वरच्या खिडकीतून जात नाही. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी, बाहेर उघडणारी भोके हवीतच, आणि तो कप्पा झोपायच्या जागेपासून बंदिस्त हवा. सिलिंडर उभाच, पट्ट्याने आवळलेला. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद. आयएसआय शिक्क्याची नारिंगी सुरक्षा नळी वापरा. तिची मुदत पाच वर्षांची असते आणि तारीख नळीवर छापलेली असते. घाटात हादरे बसल्यावर जोड ढिले होतात, तेव्हा चोर्ला, आंबोली किंवा करमल घाट उतरलात की पहिल्या चहाआधी साबणाचे पाणी जोडांवर लावून बुडबुडे येतात का बघा. रांधताना समोरासमोरच्या दोन खिडक्या उघड्या. शेगडीच्या उबेत झोपायचे तर मुळीच नाही.

इंडक्शनचा मोह होतो, पण आकडे बघा. बाराशे वॉटची शेगडी इन्व्हर्टरमार्गे बारा व्होल्टच्या बॅटरीतून शंभरहून जास्त अँपिअर ओढते. भात आणि आमटी करायला अर्धा तास धरला तर साधारण पंचावन्न अँपिअर-तास गेले. पंचेचाळीस लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज गोव्याच्या उकाड्यात दिवसाला तीस ते पंचेचाळीस घेतो. म्हणजे शंभर अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी दोन्ही मिळून एका दिवसात रिकामी. छपरावर तीनशे वॉटचे पॅनेल असेल तर स्वच्छ दिवशी एक ते सव्वा युनिट वीज परत येते. पण माडांच्या सावलीत गाडी उभी केलीत (आणि कराल, कारण उन्हात ती भट्टी होते) तर त्याच्या निम्मीही येत नाही. रांधायला गॅस, विजेवर फ्रिज, दिवे, पंखा आणि मिनिटभर मिक्सर, ही वाटणी बरी.

शेगडीचे बर्नर पितळी घ्या. स्वस्त लोखंडी बर्नरची भोके खाऱ्या हवेत गंजून बुजतात आणि ज्योत पिवळी होते. पिवळी ज्योत भांडी काळी करते आणि गॅसही जास्त खाते. दाभणाने भोके साफ केली की ती निळी होते.

पाणी

प्यायला आणि रांधायला दोघांना दिवसाला दहा-बारा लिटर. भांड्यांना काळजी घेतली तर पाच, नाही घेतली तर पंधरा. म्हणून भांडी धुण्याआधी पावाच्या तुकड्याने किंवा जुन्या वर्तमानपत्राने पुसा. तेलकटपणा निघाला की फवाऱ्याच्या बाटलीतले साबणपाणी आणि दोन तांबे पुरतात. समुद्राच्या पाण्यात भांडी घासू नका. स्टीललाही डाग पडतात, आणि मीठ राहिले तर दुसऱ्या दिवशीचे दूध फाटते.

वीस लिटरचे तीन जार म्हणजे तीन दिवसांची सोय. किनाऱ्याला लागून असलेल्या विहिरींचे पाणी अनेकदा मचूळ असते. त्यात डाळ शिजत नाही, शिट्ट्या वाढत जातात आणि दोष डाळीला दिला जातो. अळसांद्यांना पिण्याचेच पाणी वापरा, भिजवायलासुद्धा.

मासे घेणे

इथेच सगळ्यात जास्त कमावता येते आणि चुकाही इथेच होतात.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या काळात मिळणारा मासा खाडीचा, पारंपरिक होडीचा, बाहेरून आलेला किंवा बर्फातला. नवख्याने नोव्हेंबर ते फेब्रुवारीत यावे.

पणजीचे आणि मडगावचे मासळी मार्केट, मालीम, शापोरा, वास्कोतला खारीवाडा, दक्षिणेला कुटबण आणि बेतूल या जेटी, या सगळ्या किनाऱ्याच्या रस्त्यापासून फार आत नाहीत. जेटीवर मोठ्या खेपा विकल्या जातात. दोन माणसांना दहा किलोची टोपली नको असते. तिथे सकाळी काय उतरले ते डोळ्यांनी बघून घ्यावे आणि प्रत्यक्ष खरेदी बाजारातल्या बायकांकडे करावी. किनाऱ्यावर रापण (काठावरून ओढायचे मोठे जाळे) ओढली जात असेल तर त्याहून ताजे काही नाही. बाणावली-कोलव्याच्या बाजूला सकाळी नशीब चांगले असेल तर दिसते.

लहान मासा वजनावर नाही, वाट्यावर मिळतो. ‘बाय, वांटो कितल्याक?’ एवढी कोंकणी पुरते, मराठीही सगळीकडे समजते. वाटा घेताना वरचे दोन मासे बघून ठरवू नका, हात लावून खालचेही बघा. कल्ले लाल हवेत, तपकिरी नकोत. डोळा फुगीर, बाहुली काळी. पोटावर बोट दाबले की खळगा भरून यावा. बांगडा शेपटीशी धरला तर ताजा असेल तो ताठ राहतो, शिळा लोंबतो.

गोव्यात सुरमईला इसवण म्हणतात, पेडव्यांना तारले, कोळंबीला सुंगटां, माकुळांना माणकी. शिंपल्यांत तिसऱ्यो आणि खुबे वेगळे. तिसऱ्यो घेतल्यात तर बंद शिंपलेच निवडा, उघड्या शिंपल्यावर टिचकी मारून मिटला नाही तर टाका. वाळू सोडायला लिटरभर पाण्यात दोन मोठे चमचे मीठ घालून तासभर ठेवा. शिजल्यावर जो उघडला नाही तो खाऊ नका.

मासा बाजारातच साफ करून घ्या. चार पैसे जातील, पण व्हॅनमधले दहा लिटर पाणी, खवल्यांनी बुजलेले सिंक आणि दोन दिवसांचा वास वाचतो.

आता बर्फ. थर्माकोलच्या किंवा जाड भिंतीच्या बर्फपेटीत जेवढा मासा तेवढाच बर्फ, किलोला किलो. तळाला बर्फ, मग पिशवीत बांधलेला मासा, वर पुन्हा बर्फ. वितळलेले पाणी नळीने काढत राहा. मासा गोड्या पाण्यात भिजत पडला की पिठूळ होतो, तळताना फुटतो. बाजारात जाताना पेटी गाडीत बर्फ घालून तयार हवी, कारण बांगडा, तारले आणि कुपा (टूना) हे मासे उन्हात एक-दोन तास राहिले तर त्यांच्यात हिस्टामाइन तयार होते. ते उकळून किंवा तळून नष्ट होत नाही. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल होणे, अंगावर खाज, डोके ठणकणे, मळमळ. लोक याला माशाची ॲलर्जी समजून आयुष्यभर बांगडा सोडतात. दोष माशाचा नसतो, प्लॅस्टिक पिशवीत डॅशबोर्डवर ठेवून किल्ला बघायला जाण्याचा असतो. श्वास लागला किंवा ओठ सुजले तर मात्र तडक दवाखाना.

सकाळी घेतलेला मासा दुपारी खायचा. उरलाच तर त्याला मीठ, हळद, रेशाद चोळून बर्फात ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी संपवा, त्यापुढे नाही.

रांधणे: तीन गोष्टी नीट जमल्या तरी पुष्कळ

पहिली पेज आणि भात, आणि तो चालत्या गाडीत. उकड्या तांदळाला वेळ फार लागतो, गॅसही. अर्धी वाटी तांदूळ धुऊन चार वाट्या पाणी, मीठ घालून जाड बुडाच्या डब्यात उकळी आणा, दहा मिनिटे उकळू द्या, घट्ट झाकण लावा, गॅस बंद. डबा जाड टॉवेलात गुंडाळून बर्फपेटीसारख्याच दुसऱ्या पेटीत घाला, भोवतीची जागा कपड्यांनी गच्च भरा, पेटी पट्ट्याने बांधा. दीड-दोन तासांनी काणकोणात पोचाल तेव्हा पेज तयार. डबा पाऊणहून कमी भरला तर उष्णता टिकत नाही आणि दाणा कच्चा राहतो. उघडून पाहण्याचा मोह आवरा. पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा किंवा किसमूर: गालमे मंद आचेवर कुरकुरीत भाजून डोकी-पाय चाळून टाका, बारीक कांदा, दोन चमचे ओले खोबरे, चिमूटभर तिखट, सोलांचे थोडे पाणी, कालवायचे ते ताटात वाढतानाच, नाहीतर गालमे मऊ पडतात.

दुसरी, बांगड्यांचे तिरफळ घातलेले हुमण, म्हणजे खोबऱ्याच्या वाटणाची माशाची कढी. तीन मध्यम बांगडे प्रत्येकी दोन तुकडे करून मीठ लावून ठेवा. वाटीभर खोबरे, सात बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, पाव चमचा हळद, सुपारीएवढी चिंच हे गुळगुळीत वाटा. व्हॅनमधला मिक्सर सलग चालवू नका. पंधरा सेकंद चालू, दहा सेकंद बंद, म्हणजे इन्व्हर्टर तापून बंद पडत नाही. खोबरे वाटायच्या आधी मिरच्या कोमट पाण्यात भिजवल्या की वेळ निम्मा लागतो. आठ-दहा तिरफळांतल्या काळ्या बिया काढून टाका आणि साली किंचित ठेचा. साली वाटणात घालू नका, कढी कडवट होते. वाटणात दीड वाटी पाणी, दोन-तीन सोलां, तिरफळे घालून पाच मिनिटे उकळा, मग बांगडे सोडून पाच-सहा मिनिटे. चमचा फिरवायचा नाही, भांडे दोन्ही हातांनी धरून हलवायचे. शेवटी चमचाभर कच्चे खोबरेल. या कढीत फोडणी नाही, कांदा नाही, लसूण नाही, आणि घालूही नका.

भांडे स्टीलचे किंवा मातीचे. ॲल्युमिनियममध्ये चिंच-सोलांची कढी काळवंडते आणि धातूची चव येते. कॅम्पिंगची हलकी भांडी बहुतेक ॲल्युमिनियमचीच असतात, म्हणून हे ध्यानात ठेवा.

मिक्सर नसेल तर नारळाच्या दुधाची पूड चार चमचे, मिरचीपूड दोन चमचे, धणेपूड एक चमचा. हुमणाची जागा ते घेत नाही, पण पावसात अडकलेल्या रात्री वाईट लागत नाही. पुडीच्या दुधाला खळखळून उकळी आणलीत तर ते फुटते, आच मंदच हवी.

तिसरी शाकाहारी, अळसांद्यांचे तोंडाक. वाटीभर अळसांदे रात्री भिजवा. आठ तास पुष्कळ झाले, उकाड्यात बारा तास ठेवलेत तर पाण्यावर फेस येतो आणि आंबट वास येतो. तीन लिटरच्या कुकरमध्ये निम्म्याच्या वर न भरता तीन शिट्ट्या. वाटण भाजलेल्या खोबऱ्याचे: वाटीभर खोबरे आणि एक कांदा तांबूस होईपर्यंत परतून, धणे, मिरे, दोन लवंगा, पाच मिरच्यांसह वाटायचे. शिजलेल्या अळसांद्यांत वाटण, चिंचेचा कोळ आणि छोटा खडा काळा गूळ. दहा मिनिटे मंद उकळी. याच्याबरोबर पोदेराकडची (पाववाल्याकडची) पोई हवी. कोंड्याची, आतून पोकळ, सायकलवर भोंगा वाजवत येणाऱ्या पोदेराकडून सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घ्यायची. त्याच्या टोपलीत उंडो, कातरे पाव, कडक काकणेही असतात. काकणे चार-पाच दिवस टिकतात, पोई मात्र दुसऱ्या दिवशी चिवट आणि तिसऱ्या दिवशी बुरसटलेली.

तळणाबद्दल थोडेसे. रवा लावून मासे व्हॅनमध्ये तळलेत तर तेलाची वाफ पडद्यांत आणि गादीत बसते आणि आठवडाभर राहते. तळायचेच असेल तर दोन चमचे तेलात तव्यावर, मासा फडक्याने अगदी कोरडा करून, आणि गाडीचे मागचे दार उघडे ठेवून. आगशीची मोठी, कमी बियांची वांगी जुवारी पुलाअलीकडे मिळतात. त्यांचे काप अशाच थोड्या तेलात छान होतात. रेशाद चोळा, रव्यात घोळवा, एका बाजूला चार मिनिटे.

उरलेला भात बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. शिजलेल्या भातात वाढणारे जंतू जे विष सोडतात ते पुन्हा गरम करून जात नाही. सोलकढीही त्याच दिवशी, तीन-चार तासांत संपवायची.

वारा आणि थांबा

सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे, साधारण अकरानंतर समुद्राकडून आत. रांधायचे दार वाऱ्याच्या आडोशाला यावे अशी गाडी लावा: सकाळच्या चहाला दार समुद्राच्या बाजूला, दुपारच्या स्वयंपाकाला गावाच्या बाजूला. भर वाऱ्यात ज्योत लोळते, गॅस दीडपट जातो आणि वाळू कढीत पडते. गाडी समतल आहे का ते तव्यावर चमचाभर पाणी ओतून बघा. एका कडेला धावले तर त्या चाकाखाली फळी. नाहीतर कुकरमध्ये एका बाजूचा भात करपतो आणि दुसरीकडचा कच्चा राहतो.

किनाऱ्यावर, धबधब्यांशी किंवा कुठल्याही पर्यटनस्थळी उघड्यावर रांधायला गोव्यात बंदी आहे. पर्यटन खात्याने २०२२ मध्ये काढलेल्या आदेशात याला पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड सांगितला होता. शेगडी बाहेर टेबलावर मांडणे, सिलिंडर वाळूवर ठेवणे, दोन्ही यात येते. गाडी वाळूवर चालवायलाही मनाई आहे, आणि रुतली तर भरतीच्या आत काढणे सोपे नसते. तेव्हा रांधायचे ते खासगी जागेत, मालकाला विचारून. होमस्टेवाले, माडांच्या बागेचे मालक, डिसेंबरची गर्दी सोडली तर शॅकवालेही थोड्या पैशात रात्रीपुरती जागा, विहिरीचे पाणी आणि कधी विजेची तारही देतात. विचारताना तीन गोष्टी स्पष्ट बोला: किती रात्री, रांधणार का, सांडपाणी कुठे टाकायचे. दुपारी एक ते चारच्या दरम्यान कुणाचे दार वाजवू नका. ती झोपेची वेळ, बरीच दुकानेही तेव्हा बंद असतात.

मंगेशी, म्हार्दोळ, कवळे इथल्या देवळांच्या आवारात विचारून गाडी लावता येते, पण तिथे गाडीतही मासे-मटण शिजवायचे नाही, बर्फपेटीही उघडायची नाही.

मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग हे कासवांचे किनारे आहेत. इथे रात्री गाडीबाहेर दिवे लावू नका. उष्टे-खरकटे वाळूत पुरलेत तर कुत्री ते उकरतात आणि त्या नादाने कासवांची अंडीही.

बाहेर खाताना

रोज तीन वेळा गाडीत रांधायची गरज नाही. सकाळी कुठल्याही गावच्या हॉटेलात पातळ भाजी-पाव आणि मिरची भजी, दुपारी साडेबारा ते दोनच्या दरम्यान खानावळीतले शीत-कडी, म्हणजे माशाची थाळी. ती भरल्या खानावळीत खा. गर्दी असली की मासा त्याच दिवशीचा असतो. दोन वाजल्यानंतर उरते ते तळून पुन्हा तळलेले. सोमवारी अनेक हिंदू घरांत मासे नसतात, त्या दिवशी शाकाहारी थाळी चांगली मिळते: खतखते, मुगागाठी, तोंडाक. रात्रीला गाड्यावरचे रोस ऑम्लेट. गालजीबागला गेलात तर कालवे खा, पण शिजवलेलीच.

आणि रात्री गाडी चालवायची असेल तर शॅकवर बसून फेणी नको. करमल घाट अंधारात अरुंद आणि वळणांचा आहे.

कचरा आणि परतीचा दिवस

माशाची काटे-डोकी उकाड्यात चार तासांत गाडी सोडायला लावतील. ती वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीत हवा काढून बांधून फ्रिजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा आणि पंचायतीचा ओला कचरा घेणारा भेटला की त्याला द्या. सांडपाणी वीस लिटरच्या कॅनमध्ये जमा करून होमस्टेच्या मोरीत ओता. कॅनमध्ये रोज अर्धी वाटी स्वस्त व्हिनेगर टाकले तर वास कमी येतो.

परतताना पुन्हा एकदा बाजार करा: सोलां, आगळ, खाजे, खोल्याची मिरची आणि सुके मासे. सुके बांगडे दाबून बघा, बोटाला ओल लागली तर ते नीट वाळलेले नाहीत, घाटापलीकडे पोचेपर्यंत बुरशी धरेल. घरी पोचल्यावर सिलिंडर बंद करून रेग्युलेटर काढा, बर्नर पुसून त्यांवर तेलाचा हात फिरवा, बर्फपेटी मिठाच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुऊन उन्हात उलटी ठेवा. फ्रिज बंद केल्यावर त्याच्या दारात लाकडाचा ठोकळा अडकवा, म्हणजे दार मिटणार नाही. मिटलेल्या फ्रिजमधला माशाचा वास पुढच्या सफरीपर्यंत जात नाही.